दुरुस्तीला गेलेली शेगडी

गॅसची शेगडी तिने पाहताक्षणी ओळखली. उजव्या बटणाचा टवका पहिल्याच दिवशी तिच्याच हातून उडाला होता, तांब्या आपटून. आता ती शेगडी धाकट्या जावेच्या ओट्यावर चकचकीत बसली होती, वर चहाचं आधण घेऊन.

जावेच्या बाळाला बघायला म्हणून ती आणि नवरा दुपारच्या बसने शहरात आले होते. नवरा बाहेरच्या खोलीत धाकट्या भावाशी गप्पा मारत होता.

"ही कधी घेतलीस?" तिने सहज विचारावं तसं विचारलं.

"अहो ताई, तुमचीच की!" जाऊ हसली. "भाऊजींनी आणून दिली. तुम्हाला गॅसची भीती वाटते, हातसुद्धा लावत नाही म्हणाले. सिलिंडरही तेच पोचवतात. असे थोरले दीर मिळायला नशीब लागतं."

शेगडी दुरुस्तीला टाकलीय, पार्ट मिळत नाही. आठ महिने घरी नवऱ्याचं हेच उत्तर. फार मागे लागलं की म्हणायचा, "तुझ्या चुलीवरच्या जेवणाची सर गॅसला येते का?" तेही तिने कौतुक समजून गोड मानून घेतलं होतं. सरपणाच्या मोळ्या वाहून मान आखडली. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालताना बजावलं, धूर बंद करा. तेव्हासुद्धा त्याचीच बाजू घेऊन ती म्हणाली होती, "त्यांची खटपट चाललीय हो."

"झाला का चहा?" बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "गॅसवर कसा चुटकीसरशी होतो!"

तिचा चेहरा पाहून जावेचं हसू मावळलं. "ताई... तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

तिने चहा गाळला. ट्रे स्वतःच उचलून बाहेर नेला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग दाराआडच्या ओट्याकडे, आणि घाईघाईने चहा बशीत ओतला.

"काय वहिनी," दीर गमतीने म्हणाला, "एवढं काय घाबरायचं गॅसला?"

नवरा मान वर करेना. आजवर अशा वेळी तीच पुढे होऊन सावरून घ्यायची. तो त्याचीच वाट पाहत होता.

"भीती कधीच वाटली नव्हती, भाऊजी," ती म्हणाली. "आज वाटली."

नवरा बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिला. चहा केव्हाच निवला होता.