बाबा शेवटी काय म्हणाले

"वहिनी, शेवटी काही बोलले का हो?" न्हाव्यानं विचारलं. कित्येक वर्षं तो घरी येऊन बाबांची दाढी करायचा.

आईनं मान डोलावली. "तुमची आठवण काढली. म्हणाले, दाढी वाढलीय, त्यांना निरोप दे."

न्हाव्यानं डोळे टिपले. जिना उतरताना तो जरा हलका झालेला दिसला.

थोरला मुलगा रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेला. त्याचं डोकं ठणकत होतं. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते आणि दारावरची बेल थांबत नव्हती. वजनकाटे तपासायची त्याची नोकरी; घरात सगळे त्याला तराजूच म्हणायचे. बाबा गेले तेव्हा खोलीत तो एकटाच होता. आई औषध आणायला खाली गेली होती. ती परत आली तोवर सगळं आटोपलं होतं. "काही बोलले?" एवढंच तिनं विचारलं होतं. "विशेष काही नाही," तो म्हणाला होता.

आणि आता आई आल्यागेल्याला त्यांचे शेवटचे शब्द वाटत सुटली होती. बुद्धिबळातल्या जोडीदाराला म्हणाली, डाव अर्धा राहिल्याची त्यांना चुटपुट लागली होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंना म्हणाली, तुमच्या नातवाचा निकाल विचारत होते.

"आई, एवढं सगळं बोलायचं तर बाबांना आणखी आठवडाभर जगावं लागलं असतं," तो म्हणाला.

"माणसं लांबून जिने चढून येतात रे," ती कप विसळत म्हणाली. "रिकाम्या हातानं पाठवू?"

पुन्हा बेल वाजली. वाद तिथेच राहिला.

संध्याकाळी धाकटी आली. तीन वर्षांपूर्वी ती बाबांशी भांडून घराबाहेर पडली होती. तेव्हापासून दोघांत अबोला. बॅग खांद्यावरून न उतरवताच ती बैठकीत उभी राहिली.

"तुझंच नाव घेत गेले गं," आई म्हणाली.

"तू काहीही सांगशील, आई." धाकटी भावाकडे वळली. "तराजू, तू होतास ना तिथे? खरं सांग. माझं नाव घेतलं?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खुर्चीवरची उशी नीट करत राहिली. उभ्या जन्मात त्यानं मापात पाप केलं नव्हतं.

"दोनदा," तो म्हणाला.

बॅग खांद्यावरून घसरली. धाकटी भिंतीला टेकून खूप रडली, मग चार घास जेवली, मग बाबांच्या पलंगावर तशीच झोपून गेली.

तिच्या अंगावर पांघरूण घालून तो स्वयंपाकघरात आला. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ वाहत होता. हातातलं ताट कधीच धुऊन झालं होतं.

"तू खोटं बोलत नाहीस," ती म्हणाली. "म्हणजे बोलले होते ते. मला सांगितलं नाहीस."

त्यानं तिच्या हातातलं ताट घेऊन मांडणीत ठेवलं.

"आणि माझं?" तिनं विचारलं. "माझी नाही काढली आठवण?"

त्याच्या तोंडाशी दोन-तीन चांगली वाक्यं आली. सगळी तिनंच शिकवलेली. मग त्याला खरोखर घडलेलं आठवलं. ते इतकं किरकोळ होतं, की त्या दिवशी सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं.

"डोळे मिटलेले होते," तो म्हणाला. "त्यांना वाटलं, तूच बसलीयस शेजारी. म्हणाले, 'अगं, पंखा कमी कर.' बस्स."

आईनं नळ बंद केला.

"एकवरच तर होता," ती चिडून म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडली.