घंटेची मानकरी

“आज मधल्या सुट्टीची घंटा पुन्हा लवकर!” कर्जतहून येणारे सर दारातून कुरकुरले. मालतीबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घंटेची मानकरी त्यांच्याच वर्गातली स्नेहल. वाचायला सांगितलं की ती पुस्तक भिरकावी, म्हणून दुसरीपासून बाईंनी तिला हातोडी देऊन घंटेपाशी बसवलेलं. वर्ग शांत झाला. पाचवीपर्यंत प्रगतिपुस्तकात दरवर्षी ‘जबाबदार मुलगी’ असा शेरा चढला. “किती वाजले गं?” सरांच्या पाठोपाठ घंटेपाशी आल्यावर बाईंनी विचारलं. स्नेहलनं घड्याळाऐवजी खिचडी शिजवणाऱ्या भीमाबाईंकडे पाहिलं. “तिला घड्याळ कळत नाय, बाई. मी डाव वर केला की ती टोला हाणते. आज खिचडी लवकर शिजली.” “मला सांगायचं नाही?” “तुमाला ठाऊक नव्हतं?” मालतीबाईंनी मान खाली घालून स्नेहलच्या मुठीतली हातोडी सोडवली. “सर, चूक हिची नाही. गडबड नको म्हणून मीच हिला शिकवायचं सोडून दिलं.”