चहाडखोर दाढ

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे द्वारकाबाईंनी तोंडातली वडी गालात सारली आणि डोळ्यांना पदर लावला. "सून एवढी कमावती, पण मी आपली दात कोरून पोट भरते!"

तोच भिंतीवरची डबी बोलली, "द्वारकाबाई, दाढेखाली पुन्हा तिळाची कडक वडी आली. नवी दाढ अजून हाडात रुजतेय. सकाळी एवढा शिरा झालाय, आता जरा दम धरा."

डॉक्टरांनी बसवलेली दाढ जे चाखेल ते डबीला कळवायची. बायकांनी हसू दाबलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं द्वारकाबाईंना झालं. वडी चावताही येईना, थुंकताही येईना.

त्यांची सून शलाका स्वयंपाकघरातून लगबगीने आली आणि तिने डबीची वायरच उपसली. "कालपासून बिघडलीय मेली, काहीही बरळते," ती बायकांना म्हणाली. "आईंनी खरंच सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

मग तिने सासूच्या तळहातावर कुटून मऊ केलेला तिळाचा भुगा ठेवला.

"तीळगूळ घ्या, आई," ती म्हणाली.

पुढचे दोन शब्द मात्र ती बोलली नाही.