बोल लावणारा

"तुमच्या मनातला जो तुम्हाला सतत बोल लावतो, त्याला समोरच्या खुर्चीवर बसवा," समुपदेशक बाई म्हणाल्या.

खुर्ची तर रिकामी होती. लेकीने हट्ट धरून पाठवलं नसतं, तर मी तेव्हाच उठलो असतो. पण समोर पाहिलं आणि तो सुरूच झाला. "शालनच्या छातीत दुखत होतं. तू नवरा तिचा, आणि म्हणालास, पित्त झालंय, ओवा चाव आणि पड जरा. पडली ती उठलीच नाही."

आठ महिने तो हेच म्हणतोय. चहा टाकला तरी, अंघोळीला बसलो तरी.

"त्याच्याशी भांडू नका," बाई म्हणाल्या. "गप्प बसलास तर काय होईल, एवढंच विचारा त्याला."

मी विचारलं. मग माझ्याच तोंडून त्याचं उत्तर आलं, "मी गप्प बसलो, तर त्या घरात बोलायला कोण उरेल?"

शालन गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो. बाईंनी रडू दिलं.

निघताना त्याला म्हणालो, "चल घरी. पण आज तिचं दुसरं काहीतरी सांग."