एकच साक्षीदार

"यांचं आणि तुमचं नातं?" चौकशी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

साक्षीदाराने समोर बसलेल्या वकीलबाईंकडे पाहायचं टाळलं. "सख्खी बहीण," तो म्हणाला.

बाईंनी मान खाली घातली. अकरा वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

दक्षता खात्यात वकील म्हणून त्यांची बावीस वर्षं गेली होती. लाच खाणाऱ्या भल्याभल्यांना त्यांनी घरी बसवलं होतं. आज मात्र प्रश्न त्यांनाच विचारले जात होते. एक निनावी पत्र आलं होतं: धाकटा भाऊ पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होता तेव्हा त्याची एक फाईल बाईंनी दाबली. आरोप खरा ठरला असता, तर नोकरी आणि सनद, दोन्ही गेल्या असत्या.

"तुमची फाईल यांनी दाबली का?"

भाऊ कसंनुसं हसला. "दाबली? साहेब, कामाची खोटी मोजमापं मी लिहिली आणि ती हिनेच पकडली. फाईलही हिनेच वर पाठवली. माझी नोकरी गेली. तेव्हापासून मी हिचं तोंड पाहिलं नाही. आई गेली त्या दिवशी ही फाटकाशी उभी होती. मी आत घेतलं नाही."

बाई त्याच्याकडे पाहत होत्या. कानशिलं पांढरी झाली होती. शर्टाच्या बाहीचं बटण तुटलं होतं. नखं अजून कुरतडतो वाटतं.

"म्हणजे त्यांनी तुम्हाला कधीच पाठीशी घातलं नाही?"

"ताई आणि पाठीशी घालणार? शाळेत मी काच फोडली, तेही हिनेच जाऊन सांगितलं होतं. खोटेपणा हिच्या रक्तातच नाही, साहेब."

'ताई' म्हटल्याचं त्याला कळलंही नाही. बाईंनी रुमाल शोधायच्या निमित्ताने पर्स उघडली.

दुपारी निकाल लागला. बाई निर्दोष. अध्यक्ष स्वतः उठून दाराशी आले. "हे पत्र कोणाचं, छडा लावायचा का?"

"जाऊ द्या, साहेब. झालं गेलं."

जिन्यावर त्यांनी भावाला गाठलं. "चहा घ्यायचा?"

"समन्स आलं म्हणून आलो," तो म्हणाला. "पुन्हा आलं तर पुन्हा यावं लागेल. एरवी नाही." दोन पायऱ्या उतरून तो थबकला. वळला नाही. "बारीक झालीस," म्हणाला, आणि भराभर खाली गेला.

त्याच्या चपलांचा आवाज विरेपर्यंत बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. मग आपल्या खोलीत आल्या. दाराला आतून कडी लावली. कोरा कागद पुढे ओढला, पेन डाव्या हातात धरलं आणि स्वतःविरुद्धचं दुसरं निनावी पत्र लिहायला घेतलं.