कोऱ्या नाकाच्या लेकी

त्रिवेणीला पहिल्यांदाच कावळा शिवला त्याला आज नववा दिवस, आणि पाचव्या दिवसाचं न्हाण अजून खोळंबलेलं. मलकपेठच्या दोन खोल्यांत चतुराबाईंचा सगळा बेत फिसकटला होता. रक्त थांबल्याशिवाय न्हाण नाही, न्हाणाशिवाय बोलावणी नाहीत. आणि नात तर भिंतीला टेकून पांढरीफटक बसलेली.

"आपल्या लेकींचं जास्तच जातं," सुपारी कातरत त्या सुनेला म्हणाल्या. "एवढं काय घाबरायचं?"

भामा फोनवर डॉक्टर गीताशी बोलत होती. डॉक्टरांनी एकच विचारलं होतं: घरात आणखी कुणाला असं?

"आई, वन्संनाही असंच व्हायचं का?"

चतुराबाईंनी अडकित्ता भिंतीकडे रोखला. "त्यांनाच विचार की."

भिंतीवर पाच तसबिरी. न्हाणाआधी मुलीला हिरवी साडी नेसवून फोटो काढायचा, ही घरची रीत. सोळा वर्षं भामा त्या काचा पुसत आली होती. आज तिनं नीट पाहिलं. दोन सुना: नाकात नथ, केस पिकलेले. तीन लेकी: साडी तीच, नाक कोरं, कान कोरे. त्यानंतरचा एकीचाही फोटो नाही.

"लेकींची नाकं का टोचत नाहीत आपल्यात?"

"देवीला चालत नाही. माझ्या सासूच्या नणंदेचं टोचलं होतं. सहा दिवस रक्त थांबलं नाही, सातव्या दिवशी देवीनं नेलं. तवापासून नक्को."

"ऐकलं मी," फोनमधून डॉक्टर म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता आणा तिला."

भामानं लेकीला उठवलं. त्रिवेणी भिंतीकडेच बघत होती.

"मम्मी, त्या तिघी सरकून बसल्यात."

दारात चतुराबाई आडव्या आल्या. "डॉक्टरणीला सुई टोचू देऊ नको. आपल्या लेकींना सोसत नाही." आणि पदराआडून त्यांनी एक चौकट काढली, कालच स्टुडिओतून आलेली. हिरव्या साडीतली त्रिवेणी, कोरं नाक. "जाता जाता एवढी लावून जा. माझा हात पोचत नाही."

भामानं एका हातानं लेक धरली, दुसऱ्या हातानं ती चौकट हिसकावून काखेत मारली, आणि दोघींना घेऊन ती जिना उतरली.

वर, तिघींच्या शेजारी, खिळा आधीच ठोकलेला होता.