भाषणातलं वाक्य

वैजयंतीनं महिनाभर खपून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं आणि तो टीव्हीला जोडला. टीव्हीला जोडायचे कंपनीचे डबे कित्येक वर्षं घरगुती व्हिडिओसुद्धा नसलेलं घालून, गोड करून दाखवत. हा मात्र होतं तेच दाखवणार होता.

"आपल्या डब्यात तसलं काही चालू नाही, सांगितलं ना!" तिचा नवरा भालचंद्र तिसऱ्यांदा म्हणाला.

तिनं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला. त्या दिवशी गच्चीवर भालचंद्र भाषण करत होता तेव्हा ती खाली पुऱ्या तळत होती. भाषण तिनं नंतर टीव्हीवरच ऐकलं आणि त्यातलं एक वाक्य बारा वर्षं जपलं: 'हिनं नोकरी सोडली, म्हणून मी इथवर आलो.'

पडद्यावरच्या भालचंद्रनं साहेबांचे आभार मानले, शेजाऱ्यांचे मानले, मांडववाल्याचेसुद्धा मानले आणि माइक खाली ठेवला.

तिनं मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

"ते वाक्य तुम्ही घालायला लावलंत?"

"दुसऱ्या दिवशी," तो पुटपुटला. "बोलायचं राहून गेलं होतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून डब्याला सांगितलं."

"डब्याला सांगता आलं तुम्हाला," वैजयंती म्हणाली. "दुसऱ्या दिवशीही मी आतच होते, स्वयंपाकघरात."